बिलात न धरलेलं काम

"आता काय निघालं?" फोनच्या पलीकडून काकांनी विचारलं. ना नमस्कार, ना चमत्कार.

"क्लच प्लेट गेलीय, काका. गिअरबॉक्स उतरवल्यावर दिसलं."

"परवा रेडिएटर होता."

"हो ना. पण ते काय होतं, उघडल्यावरच…"

"कळतं," काकांनी तिचं वाक्य पुरं केलं. "करा. काय करणार!"

गॅरेजमध्ये गाड्या उघडायला मिस्त्री होता, पैसे घ्यायला मालक होता आणि आधीचा अंदाज चुकल्याचं लोकांना सांगायला ताई होती. तिचा आवाज मऊ आहे, त्या आवाजात बिल वाढलं तर लोक कमी ओरडतात, असं मालकाचं मत. त्या मतावर तिचा पगार चालला होता. पण इतकी वर्षं हेच केल्यावर घरच्यांनीही तिच्या आवाजाची धास्ती घेतली. धाकट्या भावाला सहज फोन केला, तरी तो आधी विचारायचा, "काय गं, काय झालं?"

"काही नाही. सहज."

"सहज?" तो म्हणायचा, आणि पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. हळूहळू तिनं सहज फोन करणंच सोडलं. संध्याकाळी खोलीवर गेलं की ती रेडिओशी बोलायची. तो निदान घाबरायचा नाही.

काकांचं बिल आता पहिल्या अंदाजाच्या दुप्पट झालं होतं. "या पैशांत बरी सेकंडहँड गाडी आली असती," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "बायको गेल्यापासून गाडी दारात उभी होती. कुजणार नाही तर काय? म्हातारा मात्र हट्टी."

"मिस्त्री, काहीतरी फुकटात करून द्या ना त्यांना. मला एकदा तरी कुणाला चांगली बातमी सांगू दे."

"तुला जमेल का ती सांगायला?" मिस्त्री हसला. मग गाडीत डोकावून म्हणाला, "ही बाजूची सीट बघ. पार पुढे जाऊन अडकलीय. माणूस बसला तर गुडघे हनुवटीला. सोडवतो. खालचं कार्पेटही धुतो. चल, आपल्याकडून."

दुसऱ्या दिवशी फोन लावण्याआधी ती घोटभर पाणी प्यायली.

"काका, गाडी तयार आहे. आणि—"

"आता काय निघालं?"

"काही निघालं नाही! तुमची बाजूची सीट अडकली होती ना, ती सोडवली. लोण्यासारखी सरकते. पैसे लावले नाहीत त्याचे."

  

"सरकवलीत?" काकांनी विचारलं.

"हो, मागे केलीय. ऐसपैस."

"येतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

आले ते बिलाकडे न बघता थेट गाडीपाशी गेले आणि बाजूचं दार उघडून नुसते उभे राहिले.

"बुटकी होती ती," म्हणाले. "सीट ओढून ओढून पुढे घ्यायची. काचेला नाक लावून रस्ता तीच बघायची, मी आपला स्टिअरिंग फिरवायचो. एकदा अशी ओढली की अडकलीच. मोडलीस म्हणून किती बोललो मी तिला."

मिस्त्रीनं तेलकट हातानंच मान खाजवली. "परत घेऊ की पुढे. त्यात काय एवढं!"

"कुठपर्यंत?"

ते कुणालाच सांगता येईना. जुन्या जागेची खूण कार्पेटवर होती, ती कार्पेटबरोबर धुतली गेली होती.

ताईला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. मग ती म्हणाली, "काका, मी बसते. मीही काही उंच नाही. तुम्ही तुमच्या जागेवर बसा आणि सांगा."

ती बसली. काका स्टिअरिंगमागे बसले. तिनं खालची दांडी धरून सीट पुढे घेतली. कट्.

"अजून."

कट्. तिचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. काका तिच्याकडे बघत नव्हते. समोर बघत, नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून अंदाज घेत होते.

"जरा मागे… नको. राहू दे."

"इथंच होती?"

"माहीत नाही गं," काका म्हणाले. "इथंच असेल."

मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली सरकला. आतून मालकानं हाक मारली, "ताई, काकांचं बिल झालं का?"  काचेतून समोर गॅरेजची काळपट भिंत दिसत होती, टायर टांगलेली. समोर रस्ता असल्यासारखे दोघंही त्या भिंतीकडे बघत बसले.

"पट्टा लावलास का?" काकांनी समोर बघतच विचारलं.

गाडी बंदच होती. किल्ली अजून मिस्त्रीच्या खिशात होती. ताईनं पट्टा ओढून घेतला आणि लावला.