झांज

आवाजाच्या बटणावरचा पांढरा ठिपका झिजून पुसट झालेला. बटण पार शेवटाला टेकलं होतं, यापुढे फिरणार नाही हे ठाऊक असूनही दयारामची बोटं ते रेटत होती. टेप वाजत होता, पण कुणी वर गोधडी टाकल्यासारखा. ढोल येत होता, गाणाऱ्याचा जाड आवाज येत होता. वरचं काहीतरी, लखलखणारं, निघून गेलं होतं... स्पीकर बसलेत, तो वर्षभर सांगत होता. गाडी जुनी, टेप कंपनीचा, किती पुरणार?

"बाबा, कमी करा ना. डोकं उठलं," मोनाली म्हणाली. पहिल्या पगारातून बापाच्या गाडीला नवा सीडी प्लेअर बसवायचा, हे तिनं नोकरी लागायच्या आधीच ठरवलं होतं. आज रविवार गाठून ती त्याला पनवेलच्या या दुकानात घेऊन आली होती.

दुकानदार परेशनं जुना टेप ओढून काढला. मागे वायरींचा गुंता लोंबत राहिला आणि त्या चौकोनी भोकाकडे पाहताना दयारामला उगाच हायसं वाटलं — दुखरी दाढ निघाल्यासारखं. आता सगळं नीट ऐकू येईल. शकूचं ते तोंडातल्या तोंडात पुटपुटणं सोडलं तर... लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण ही खोड तिला अलीकडेच लागली होती.

"काका, चारही स्पीकर नवे टाकलेत. आता बघा," परेश म्हणाला.

मोनालीनं मुद्दाम आणलेली कोळीगीतांची सीडी आत सरकली. गावी करंजाला, घरच्या हळदीत, दयारामनं स्वतः जे गाणं कितीदा म्हटलं होतं तेच पहिलं लागलं. ढोल छातीत घुमला. मग आवाज. मग... तो वाट पाहत राहिला. गोधडी तशीच होती.

"अजून सेटिंग व्हायचंय ना?" त्यानं विचारलं.

"झालं की काका. एकदम क्लिअर आहे."

कडवं संपलं, ढोल थांबला. आता काहीच वाजत नव्हतं — आणि तरी मोनालीचं नख डॅशबोर्डवर पडत होतं, भरभर, एका लयीत, आणि तिची मानही हलत होती. हे कशावर ताल धरतेय? आणि मग त्याला आठवलं, इथे झांज असते. ढोल थांबतो आणि नुसती झांज वाजते. त्यानं स्वतः वाजवली होती. तो तिच्या नखाकडे पाहत राहिला. ते पडत होतं, आणि आवाज नव्हता.

बंदरातल्या यार्डात, कामावर, गेल्या आठवड्यात हाताखालच्या कुंदननं त्याला कॉलर धरून मागे ओढलं होतं; रिव्हर्स घेणारा ट्रेलर हातभरावरून गेला होता. "दादा, कवापासना हॉर्न वाजतंय, आयकू येत नाय का?" पोरानं जीव वाचवला, आणि आपण त्याच्यावरच धावून गेलो. ड्रायव्हर लोकच हॉर्नच्या वायरी तोडतात, हे आपण चारचौघांत ठासून सांगितलं, कुंदन खोटं बोलतो असंही... इतकी वर्षं इंजिनांच्या, लोखंडाच्या घणघणाटात काढली, आणि टेप बिघडला म्हणत राहिलो. आणि शकू? तिला तर काय काय बोललो.

"आवडलं ना बाबा?"

तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "फस क्लास," तो म्हणाला.

गाडी नवीन पनवेलच्या रस्त्याला लागली. मोनाली बोलत होती, बहुधा ऑफिसबद्दल. दयाराम सिग्नलला थांबला की तिच्या ओठांकडे पाही, गाडी सुटली की शब्द सुटत. हे आपण कधीपासून करतोय? मध्येच ती हसली, काहीतरी विचारून त्याच्याकडे पाहत थांबली. अशा वेळी 'हं' म्हणायचं. तो 'हं' जिभेवर आलाच होता. त्यानं तो गिळला.

"काय म्हनलीस? मला नाय समजलं," तो म्हणाला. "मोना, मला... नीट ऐकू नाय येत."

तिनं गाणं बंद केलं. ती लगेच काही बोलली नाही. किंवा बोललीही असेल. त्याचे डोळे रस्त्यावर होते. घरी शकू होती, उद्या यार्ड होतं, कुंदन होता, आणि त्यांतल्या कुणाला काय सांगायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. भीती होतीच. पण आज वर्षभरात पहिल्यांदा त्याला कुणाचाच राग येत नव्हता, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेचं काय करावं हे न कळून तो गाडी हळूहळू चालवत राहिला.