तुमच्या माणसाबद्दल

माझ्या घरात तांदूळ संपत नाहीत, वाढतात. दिवा विझत नाही, शांत होतो. लग्न होऊन मोहाडीला आले तेव्हा सासूबाईंनी तुळशीपुढे बसवून मला हा नेम दिला होता, की तोंडातून अभद्र काढायचं नाही. स्नान, तुळशीला पाणी, माळ, आणि मग दिवसभर जिभेवर पहारा. चतुर्थ्या, एकादशा मागाहून जुळत गेल्या. हा नेम पहिला. तो मी कधी मोडला नव्हता.

म्हणून करुणा अभ्यासाचे कागद घेऊन माझ्यापुढे बसली तेव्हा मी कानांवर हात ठेवले.

करुणा आमची एकुलती एक मुलगी. भंडाऱ्याला बी.एस्सी. करून नागपूरला एम.पी.एच. शिकायला गेली. सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण. आळीतल्या बायका विचारायच्या, डॉक्टर होणार काय? ती म्हणायची, "डॉक्टर एका माणसाचा ताप पाह्यते मावशी, आम्ही अख्ख्या गावाचा पाह्यतो." तिच्या कामातला एक भाग असा होता, की ज्या घरचं माणूस नीट निदान न होताच गेलं, त्या घरी जायचं आणि घरच्यांना विचारायचं. ताप कसा होता, खोकला होता काय, अंगावर पुरळ होतं काय. त्या उत्तरांवरून मोठे डॉक्टर मागाहून कारण ठरवतात.

करुणाचे बाबा कोशाचं रेशमी कापड विणतात. माग पुढच्या खोलीतच आहे. ते मागावरून म्हणाले, "नागपूरले शिकून घरोघरी मेलेल्याची चौकशी? हे तर आपला कोतवालही करते." त्यांना माझ्यासारखा नेम नाही.

"कोतवाल तारीख विचारते, बाबा. मी कारण विचारते," करुणा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आई, सरावाले कोणी तरी पाह्यजे. एखाद्याचं नाव घे ना व."

"जित्या माणसाचं नाव घेऊ?"

"मग माझं घे."

मी मांडीवरची परात खाली ठेवली आणि उठले. तिनं हसत माझा पदर धरला. "नको घेऊ, नको घेऊ! बस खाली. आपली बिजली चालंन?"

बिजली आमची शेळी. आदल्या पावसाळ्यापासून ती नव्हती. शेळीबद्दल बोलायला हरकत नसावी, असं देवाला मनात विचारून मी बसले.

"तुमच्या माणसाचं वय?"

"असंन दोनेक वर्षाचं."

"शिक्षण?"

"लिही, बारावी," मागावरून आवाज आला. "तुझ्या आईची अर्धी पोथी खाल्ली होती तिनं."

"व्यसन?"

"तुझ्या बाबाच्या बिड्या," मी म्हटलं.

माग थांबला, तिघंही हसलो. मग करुणानं विचारलं, "अंगावर कुठं काळी खपली होती काय? जळल्यासारखी?"

"गोचिड होते."

"गोचिड नाही व आई. गवतात एक बारीक किडा राह्यते. तो चावला की तिथं काळी खपली पडते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. अन् मग ताप भरते. ती खपली दिसली तर ओळखता येते, साध्या गोळीनं उतरते. हा प्रश्न पार खाली होता, मी वर आणला. आपल्या इकडं शेताच्या धुऱ्याबांधावर किती गवत असते, पाह्यतेस ना?"

कागदावर छापलेलं होतं 'मयत व्यक्तीस'. करुणा तोंडानं 'तुमचं माणूस' म्हणे, पण ते छापलेलं दिसलं की दर वेळी माझे डोळे मिटत होते. तिनं ते पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी सगळे प्रश्न तिनं आपल्या बोलीत उतरवले आणि जिथं जिथं तो शब्द होता तिथं 'तुमचं माणूस' लिहिलं. कॉलेजातल्या सरांनाही ते पटलं. पुढे सगळी पोरं तेच प्रश्न घेऊन हिंडू लागली.

त्या दिवशी शेवटी मी सहज विचारलं होतं, "मग बिजलीले झालं तरी काय होतं?"

"ते आम्ही सांगत नाही, आई. तशी मनाई हाय. एका घरावरून नक्की कळत नाही, खूप घरचं एकत्र केल्यावर कळते. अन् समोरचं माणूस रडलं तरी आपण रडायचं नाही, अशीही मनाई हाय."

"बिजलीसाठी तू चार दिवस जेवली नव्हती."

"तवा मी एम.पी.एच. नव्हती," करुणा म्हणाली.

मागच्या भादव्यात ती सिहोऱ्याकडच्या खेड्यांत याच कामाला गेली होती. धानाच्या बांध्यांमधून, धुऱ्याधुऱ्यानं पायी. परत आली ती डोकं धरून. "व्हायरल असंन," म्हणाली, आणि माझ्याच मांडीवर झोपली. ताप उतरेना. इथं सलाईन लावलं, डेंग्यू तपासला, तो निघाला नाही. मग ती भलतंच बोलू लागली. कोणत्या तरी मावशीला 'तुमच्या माणसाबद्दल विचारायचं होतं' म्हणत राहिली. नागपूरला नेईपर्यंत श्वास लागला होता. दवाखान्यानं जो कागद दिला त्यावर नुसता 'ताप' होता.

आमच्यात कुमारिकेला निरोप देताना हळद लावतात. ती मीच लावली. मला दुसऱ्या कोणाचा हात नको होता.

तेव्हापासून वर्ष होत आलं, मी 'करुणा नाही' एवढंच म्हणते. त्याच्यापुढचा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही.

परवा तिची मैत्रीण रक्षा आली. दोघी एकाच वर्गात, एकाच खोलीत राहायच्या. करुणाचं अर्धं राहिलेलं काम तिनं पुरं करायला घेतलं होतं. मी पाणी दिलं, पोहे केले. तिनं ताटलीला हात लावला नाही.

"काकू, सगळे घरं झाले," ती म्हणाली. "हेच राह्यलं. तुम्ही नाही म्हणू शकता, कोणी काही म्हणणार नाही. पण मग करुणाच्या नावापुढं 'कारण माहीत नाही' तसंच राह्यन."

जिनं इतक्या घरी विचारलं, तिच्याबद्दलच कोणी विचारायचं नाही? मी म्हटलं, "विचार, माय."

रक्षानं हातातला टॅब सुरू केला. "आधी तुमची परवानगी रेकॉर्ड करा लागते. हे वाक्य तुम्हाले मोठ्यानं म्हणा लागंन." तिनं पडदा माझ्याकडे केला आणि मान खाली घातली. "करुणानं सगळं बदललं, काकू. एवढं एक वाक्य तिले बदलू देलं नाही. ते वरून आलेलं हाय."

मी वाचलं. मग उठून देवाशी गेले. समई तेवत होती. मी हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. सासूबाईंच्या तसबिरीकडे पाहिलं आणि परत येऊन बसले.

"मी, माझी मुलगी करुणा हिच्या मृत्यूबद्दल माहिती देण्यास तयार आहे."

पुढच्या खोलीतला माग थांबला.

तो शब्द माझ्याच आवाजात माझ्या घरात फिरला आणि कुठं तरी जाऊन बसला. काही पडलं नाही, काही तुटलं नाही. समईही तशीच तेवत होती.

"तुमच्या माणसाचं वय?" रक्षानं विचारलं आणि मला करुणा ऐकू आली. तीच शब्दांची ठेवण, 'माणसाचं'वर थोडं थांबणं. मी उत्तरं देत गेले. ताप. डोकं. उलटी नाही. खोकला शेवटी शेवटी.

"अंगावर कुठं काळी खपली होती काय? जळल्यासारखी?"

"होती."

रक्षाचं बोट पडद्यावरच राहिलं. "कुठं, काकू?"

"मागं, कमरेशी. सलवारीची नाडी बसते तिथं. तिले सोताले दिसलीच नसंन. मलेही नाही दिसली, ती जित्तेपणी कधी आपलं अंग दाखवे काय कोणाले? हळद लावताना बोटाले लागली. उदबत्तीचा निखारा पडून जळल्यासारखी, एवढीशी. मी त्याच्यावर हळद जरा जास्त लावली."

रक्षा लिहू लागली. लिहिता लिहिता तिचे डोळे वाहू लागले, ती पुसेना.

"तुमच्यात रडायची मनाई हाय ना व?" मी म्हटलं. तशी ती जास्तच रडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले. मला रडू आलं नाही. ते नंतर, तुळशीशी आलं.

शेवटचा प्रश्न करुणानं स्वतः जोडलेला होता. "तुमच्या माणसाबद्दल आणखी काही सांगायचं हाय काय?"

बिजलीबद्दल मी केवढं बोलले होते! आता वाटलं, काय सांगू? मी म्हटलं, "लिही, तिले पोहे आवडत. लिंबू जास्त लागे." रक्षानं ते लिहिलं.

तेवढ्यात करुणाचे बाबा दारात येऊन उभे राहिले. हातात मागाचा धोटा तसाच होता. "पोरी," ते म्हणाले, "तू शिकलेली हायेस. सांग ना, कशानं मेली माह्यी करुणा? ती गोळी भेटली असती तर...?"

रक्षानं माझ्याकडे पाहिलं.

"तिले नका विचारू," मी हळूच म्हटलं. "ते त्यांना सांगता येत नाही. एका घरावरून कळत नाही ते. करुणानंच सांगितलं होतं."

ते मागाशी जाऊन बसले. माग काही चालू झाला नाही.

रक्षा निघाली तेव्हा तिच्या ओढणीला गवताची कुसळं चिकटलेली दिसली. तीही धुऱ्यावरूनच हिंडत होती. मी तिचा हात धरून तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"पाठ कर इकडं. कुर्ता वर घे."

ती गुमान वळली. मी तिची कंबर पाहिली, पाठ पाहिली, वेणी उचलून मान पाहिली, कानांच्या मागं पाहिलं. काही नव्हतं. कुर्ता खाली करू लागली, तशी मी म्हटलं, "थांब, माय," आणि खिडकी उघडून पुन्हा एकदा पाहिलं.