बाई पंच

शिरड शहापूरचा जमील विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. दुकान घरातच. शिवारातल्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा एका सकाळी पोलीस त्याच्याकडे झडतीला आले. जमील वसमतला गेलेला. घरात बायको जैनबबी आणि कॉलेजात जाणारी मुलगी आफिफा, दोघीच. पोलिसांसोबत महिला शिपाई नव्हती. हवालदाराने शेजारी शेळ्यांना पाला टाकणाऱ्या कौशल्याबाईला हाक मारली.

"मावशी, पंच म्हणून चला. कागदावर एक बाई लागती."

कौशल्याबाई गेली. तिला आत कोणी नेलं नाही, ओट्यावर बसवलं. आतून पेट्या ओढल्याचा आवाज आला, मग दोघा शिपायांचं हसणं. आफिफाला फोन उघडायला लावला होता. मोटार एकही सापडली नाही. हवालदाराने लिहिलेला कागद आणून पुढे ठेवला आणि अंगठ्यासाठी शाई काढली. सही येते मला, असं कौशल्याबाईने त्याला सांगितलं. पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही तिने सावकाश, पूर्ण नावानिशी केली. अंगठा दिला असता तर कागद वाचून दाखवावा लागला असता. सही करणाऱ्याला कोणी वाचून दाखवत नाही.

पोलिसांनी नेलेला फोन ठाण्यातच राहिला. त्यातलं काय काय त्या शिपायांनी पाहिलं, हे आफिफा आईलाही सांगेना. तिने कॉलेज सोडलं. जमीलने झडतीविरुद्ध कोर्टात अर्ज केला. त्याचे वकील म्हणाले, खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. कारण न लिहिता घरात शिरायचं आणि पोरीचा फोन चाळायचा, हे चालत नाही. पण पंचनाम्यात लिहिलं होतं की बाई पंच पूर्ण वेळ आतल्या खोलीत हजर होती आणि मुलीने फोन राजीखुशीने दिला.

कौशल्याबाईला साक्षीचं समन्स आलं. तिचा मुलगा दत्तप्रसाद होमगार्डात लागणार होता आणि त्याच्या चालचलणुकीचा दाखला त्याच ठाण्यातून यायचा होता.

"आई, सही माझी, एवढंच म्हण," तो म्हणाला. "तुला काहून पाहिजे पुढचं?"

कोर्टात तिने आधी कागद मागितला. शब्दाखाली बोट ठेवत ती वाचत गेली. सरकारी वकिलांनी दोनदा घड्याळ पाहिलं. न्यायाधीश थांबले.

"सही माझीच हाय, साहेब. वाचलं मात्र आज."

मग आत बाई कोण होती, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"कुणीच न्हाई. बाई मीच, अन् मी ओट्यावर."

ते टाइप झालं. हवालदार दाराजवळ उभ्या दत्तप्रसादकडे बघत राहिला. दत्तप्रसाद आईसाठी न थांबता निघून गेला. अर्जावरचा निकाल पुढच्या तारखेला लागणार होता.

बाहेर आफिफा एकटीच तिच्याजवळ आली.

"काकू, त्या दिवशी मी आतून तुम्हाला हाक मारली होती. दोनदा. ऐकू आली होती का?"

कौशल्याबाईने पदर नीट केला. हे कोर्टात कोणी विचारलं नव्हतं.

"आली व्हती," ती म्हणाली. "मी उठले बी व्हते. हवालदार म्हणला बसा, अन् मी बसले."