आठव्या डावातला तो हिट

स्टेनबी कॉलेजच्या बेसबॉल सामन्यांची नोंद मी सत्तावीस वर्षं ठेवते आहे. "वर्ना, तू तिथं नक्की करतेस काय?" असं कोणी विचारलं की मी सांगते, मी लोकांच्या चुका लिहिते. थट्टा नाही. आमच्या खेळात चुकांना वेगळा रकाना असतो. मैदानावरच्या फलकावर आधी धावा, मग हिट आणि मग चुका, असे हातभर उंचीचे आकडे असतात, सगळ्या गावाला दिसतील असे. फलंदाज धावत बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोचला, तर तो स्वतःच्या फटक्यावर पोचला की समोरच्या पोरानं सोपा चेंडू सोडला म्हणून पोचला, हे मी ठरवायचं. पहिलं असेल तर हिट, दुसरं असेल तर चूक. त्यात अंपायरलासुद्धा तोंड घालता येत नाही. घरात माझं कुत्रंही ऐकत नाही. त्यामुळे दर शनिवारी तीन तास अख्खं मैदान आपलं ऐकतंय, हे मला फार आवडतं. खोटं कशाला बोलू?

तर यंदा फेब्रुवारीत कॉलेजच्या प्रमुख ड्रेगरबाईंनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं की कॉलेजात पोरं कमी झालीत, खर्च झेपत नाही, तेव्हा हा हंगाम संपला की बेसबॉल बंद. शेवटचं मत विश्वस्त देणार, मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी. बाईंचं म्हणणं, बेसबॉल बघायला येतंय कोण? आता मिनेसोटात एप्रिल महिन्यात लोखंडी बाकावर तीन तास बसलं तर माणूस बाकासकट गोठतो, त्याला बेसबॉलनं काय करावं? पण ऐकतंय कोण!

मार्चभर पोरांनी बास्केटबॉलच्या लाकडी फरशीवर सराव केला आणि बाहेरगावचे पहिले नऊ सामने ओळीनं हरले. एप्रिल उजाडला तरी मैदानावर गुडघाभर बर्फ. आमचा कोच लेनी ब्रास्क, साठीचा, पोट सुटलेला, त्यानं एका सकाळी सगळ्यांच्या हातात फावडी दिली. "हात चालवा रे! बंद पडायच्या आधी एकदा तरी हिरवं गवत दिसू दे मला!" पोरांनी दोन दिवस बर्फ उपसला. तिसऱ्या दिवशी कडेला बर्फाचे ढीग असतानाच सामना खेळले आणि जिंकले. पुढचाही जिंकले. आपलं आता जाणारच आहे म्हटल्यावर भीड चेपली असेल, दुसरं काय?

त्यात दोन पोरं माझी लाडकी. नोंद ठेवणाऱ्या बाईला लाडकं कोणी नसावं, पण होती. एक राफा ओचोआ. हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या भगदाडात उभा राहतो. सगळ्यात जोरात येणारे चेंडू त्याच्याच वाट्याला. राफा टेक्ससच्या टोकावरनं, लारेडोहून आलेला, तिसऱ्या वर्षाला. सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्याचं तोंड बंद नसतं. दुसरा आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टोबी हाउगन. शेतकऱ्याचा पोरगा, ताडमाड उंच, शेवटच्या वर्षाचा, दिवसाला मोजून अकरा शब्द बोलणारा. राफा मला म्हणायचा, "टोबीचे उरलेले शब्द मी वापरतो, मिसेस नीगार्ड. वाया का घालवायचे?"

मतदानाच्या आधीचा शनिवार आला. टोबीच्या हाताला त्या दिवशी काय झालं होतं देव जाणे. पहिल्या डावात कोणी हिट मारला नाही, दुसऱ्यात नाही, पाचव्यात नाही. नवातला सातवा डाव संपला तरी समोरच्यांच्या हिटच्या रकान्यात भोपळा. पूर्ण सामना असा गेला तर त्याला बिनहिटचा सामना म्हणतात, आणि आमच्या मैदानावर साठ वर्षांत तो झालेला नाही. असं काही चालू असलं की त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही आमची जुनी रीत. नाव घेतलं की गेलं. पिचरच्या शेजारी कोणी बसत नाही, त्याच्याकडे कोणी बघत नाही. राफासुद्धा गप्प झाला होता, म्हणजे बघा. बाकांवर तीन विश्वस्त बसले होते. तेही गप्प होते आणि चक्क पुढे वाकून बघत होते.

आठवा डाव. त्यांचा सहावा फलंदाज, एक डावखुरा ठोंब्या, त्यानं जमिनीलगत असा काही चेंडू हाणला की आवाज बाकांच्या वर असलेल्या माझ्या नोंदीच्या खोलीच्या काचेपर्यंत आला. राफा उजवीकडे झेपावला, अंग पूर्ण आडवं, हात लांब केलेला. चेंडू त्याच्या हातमोज्याच्या टोकाला लागला आणि मागे गवतात निघून गेला. फलंदाज पहिल्या बेसवर उभा.

नियम सोपा आहे. साधारण कष्टात अडवता आला असता आणि नाही अडवला, तर चूक. नाहीतर हिट. मी बटण दाबलं. फलकावर हिटच्या खाली एकचा आकडा लागला.

कोणी ओरडलं नाही. आमच्याकडे ओरडत नाहीत. दोनशे माणसं नुसती मान वळवून माझ्या खिडकीकडे बघत राहिली. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

चार वाजता सामना संपला. आम्ही जिंकलो, तीन शून्य, आणि समोरच्यांचा तो एकच हिट. लेनी जिना चढून वर आला, धापा टाकत, टोपी हातात. "छान दिवस होता ना, वर्ना?"

"छान होता."

"विश्वस्त आले होते. मिनियापोलिसच्या पेपरवाल्याचा सातव्या डावात फोन आला होता. आता नाही येणार म्हणा तो." त्यानं टोपी फिरवली. "निर्णय बदलायला चोवीस तास असतात, नाही का? आपलं सहज विचारलं."

"तुला माहीत आहे असतात ते."

"हो, हो. सहजच." आणि गेला.

आता आमच्या गावाची एक खोड सांगते. इथं कोणी कोणाकडे सरळ काही मागत नाही. कोणी मेलं, कोणी जन्मलं, कोणाशी काम निघालं की हॉटडिश घेऊन जायचं. खिमा, घेवडा, वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्या, सगळं एका भांड्यात भाजलेलं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव, म्हणजे ते परत येतं. त्या शनिवारी सहाच्या सुमारास पहिली शेजारची मार्लिस आली.

"म्हटलं, तू दमली असशील."

"बसून होते मी, मार्लिस. दमायला काय झालंय?"

"नाही, उन्हात." ऊन पडलंच नव्हतं. "राफाचा हात चेंडूला लागला होता म्हणे. मला काय कळतंय म्हणा खेळातलं!" मग पावसावर बोलली, मुलीच्या गुडघ्यावर बोलली, दारात उभी राहून अर्धा तास निरोप घेतला आणि गेली. तिच्यामागून पाद्रीबुवा. मग पोस्टातलं जोडपं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ही मंडळी भांडं भरून आणून ताकाचं नाव घेत नव्हती. रविवारी चर्चमधून आले तर पायरीवर आणखी दोन. एकूण पाच हॉटडिश, आणि घरात खाणारी मी एकटी. माझा नवरा ऑडन असता तर खूश झाला असता.

ती भांडी आत ठेवून मी वही उघडली. नोंद आम्ही पेन्सिलीनंच करतो, आणि पेन्सिलीला मागे रबर असतं. मी काही संत नाही. ऑडन गेल्यापासून सहा वर्षं झाली, आणि वसंतातले हे शनिवार सोडले तर मला कोणाची वाट बघायची नसते. बेसबॉल बंद म्हणजे माझंही दुकान बंद. एक रेघ खोडायची आणि दुसरी ओढायची. रबर कागदाला टेकवलं होतं मी. टेकवलं होतं, हे लपवणार नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दुपारचे दोन वाजले होते. दारात राफा, रिकाम्या हातांनी.

"मिसेस नीगार्ड, ती चूक माझ्या नावावर लिहा."

हुश्श! अखेर एक माणूस सरळ बोलला. "आत ये. जेवलास का? जेव. पाच प्रकार आहेत, सगळे सारखेच."

तो जेवला नाही. "तो चेंडू माझा होता. मी उशिरा निघालो. माझं लक्ष नव्हतं."

"कुठं होतं लक्ष?"

"बाकांवर. एक मुलगी होती."

"कुठल्या बाजूच्या बाकावर?"

"डाव्या."

"डावीकडे फक्त विश्वस्त होते रे. त्यातली मुलगी कोण, ते सत्तरीचे गृहस्थ?"

त्याला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. "मला कुठं जायचं नाहीये. दुसरीकडे घेतील मला, टेक्ससमधेसुद्धा घेतील. पण ही टीम नसेल. एक चूक माझ्या नावावर लागली तर काय मरतो का मी? सगळं वाचेल. तुमच्या हातात आहे. तुम्हाला नाही का वाटत वाचावं?"

"वाटतं," मी म्हणाले. "तुझ्यापेक्षा जास्त वाटतं."

"मग खोडा ना!"

मी उठून त्याच्यासाठी ताट वाढायला लागले. तो दार आपटून गेला, आणि दार आपटणं म्हणजे आमच्या गावात गुन्हाच.

साडेतीनला टोबी आला. हातात आईनं दिलेलं सहावं हॉटडिश. मला रडावं की हसावं कळेना. पायरीवर उभा राहून तो म्हणाला, की मका पेरायला उशीर झालाय. मी म्हटलं, झालाय. म्हणाला, जमीन ओली आहे. मी म्हटलं, आहे. पाच मिनिटं असंच चाललं. शेवटी माझं डोकं सटकलं.

"टोबी हाउगन, पंचवीस मिनिटं उरली आहेत! सहा जणांनी सहा भांडी आणून दिली आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. तुला काय हवंय ते बोल, नाहीतर हे भांडं घेऊन घरी जा!"

तो कानापर्यंत लाल झाला. "हिटच होता तो."

"काय?"

"मधोमध टाकला मी. वळलाच नाही चेंडू. त्यानं मस्त मारला." त्यानं भांडं या हातातून त्या हातात घेतलं. "तुम्ही बदललंत तर लोक मला जन्मभर विचारतील, कसा होता तो सामना. मग मला दर वेळी खोटं बोलावं लागेल. मला नाही जमणार. आईला वाटतं बदलावं. मला नाही वाटत. एवढंच."

त्याचा आठवड्याचा कोटा संपला असावा. माझ्या हातात भांडं देऊन तो गेला. मी वही मिटली आणि घड्याळासमोर बसले. चार वाजले, चार वाजून पाच मिनिटं झाली. बाहेर कुत्रं भुंकत होतं.

सोमवारी दुपारी ड्रेगरबाई स्वतः माझ्या दारात आल्या. त्या बाहेरच्या असल्यामुळे त्यांच्या हातात काही नव्हतं. "आठ विरुद्ध सहा, मिसेस नीगार्ड. बंद झालं. तुम्हाला पेपरातनं कळू नये म्हणून आले."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "तो हिट नसता तर?"

त्या खोटं बोलू शकल्या असत्या, आणि मला तेव्हा ते चाललंही असतं. "आठातले दोघं तसं म्हणाले," त्या म्हणाल्या. "की तसं घडलं असतं तर आम्ही मत फिरवलं असतं."

आठातून दोन गेले तर उलटं होतं, हे मला बोटांवर मोजावं लागलं नाही. मी कोट चढवला आणि मैदानावर गेले. बुधवारी शेवटचा सामना होता, म्हणून पोरं सराव करत होती. लेनी मला बघून दुसरीकडे बघायला लागला. राफा एकटाच भिंतीवर चेंडू मारून अडवत होता.

"कळलं?" मी विचारलं.

"कळलं."

"ते सगळं नाही कळलेलं तुला. दोन मतं कमी पडली, आणि ती त्या हिटमुळे कमी पडली. म्हणजे माझ्यामुळे. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा म्हटलं, आपणच सांगावं. शिव्या द्यायच्या तर दे. ऐकून घेते."

त्यानं चेंडू भिंतीवर मारला, अडवला, पुन्हा मारला. मला वाटलं, आता हा निघून जाईल आणि बरोबरच करेल.

"साल्यानं काय हाणला होता पण," तो शेवटी म्हणाला.

"हो ना."

"मला दिसलाच नाही आधी. नुसता आवाज आला. मी आवाजावर उडी मारली." त्यानं हातमोजा काढून मधल्या बोटाचं टोक मला दाखवलं, नखाखाली अजून काळंनिळं होतं. "इथं लागला. एवढासाच." आणि लहान पोरासारखं विचारलं, "जवळ पोचलो होतो ना मी?"

"राफा," मी म्हणाले, "सत्तावीस वर्षांत मी पाहिलेल्या दुसऱ्या कोणाचा त्या चेंडूला हातसुद्धा लागला नसता."

त्यानं हातमोजा परत चढवला. मग त्यानं तो चेंडू माझ्या हातात दिला, वीस पावलं मागे गेला, गुडघ्यात वाकला आणि ओरडला, "फेका, मिसेस नीगार्ड! जोरात!"