सहा गुलाबी थेंब

मी बोलतेय. इकडे बघा, शिलाई मशीन आणि कपाट यांच्यामध्ये जी लांबट काळी पेटी उभी आहे ना, तिच्यातून. पेटीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे, 'नादुरुस्त'. चार वर्षं ती चिठ्ठी मी मुकाट्याने मिरवली. ती खोटी होती. आता खरी आहे. हे कसं झालं, तेवढं ऐकून घ्या.

मी गिटार आहे, पण साधी नाही. माझ्या प्रत्येक तारेखाली एक बारीक चुंबक आहे. कोणती तार छेडली, किती जोरात छेडली, केव्हा सोडली, एवढं मी टिपते आणि जाड केबलमधून एका खोक्याला कळवते. आवाज ते खोकं काढतं. बासरी म्हणा, व्हायोलिन म्हणा, सनई म्हणा. मला स्वतःचा आवाज नाही. मी फक्त निरोप पोचवते. पण निरोपात काडीचाही फरक करायचा नाही, ही माझी शिस्त. निदान तेव्हा होती.

एका कारखान्यात, लांबलचक बाकावर, चष्मा लावलेल्या एका बाईने कथलाचे डाग देऊन माझ्या आतल्या तारा जोडल्या. पहिला मालक हॉटेलात वाजवणारा होता. त्याने महिनाभर मला उलटीपालटी केली आणि म्हणाला, "दिसायला गिटार आणि वाजते बासरी. हिचं करायचं काय?" मग त्याने मला विकून टाकलं. मला तेव्हा फार लागलं होतं. आता हसू येतं.

ज्यांनी मला घेतलं ते टेलिफोन दुरुस्तीचं काम करायचे. मी त्यांना धनी म्हणते. दिवसभर खांबांवर आणि खोक्यांमध्ये तारा जोडायच्या आणि सुट्टीच्या दिवशी तिघांच्या बँडमध्ये वाजवायचं, असा त्यांचा क्रम. माझ्यामुळे त्या तिघांना बासरीवाला लागेना, व्हायोलिनवाला लागेना. लोक माना उंचावून बासरीवाला शोधायचे आणि धनी गालातल्या गालात हसायचे.

धन्यांची बायको घरीच शिवणकाम करायची. घरात आल्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणलीत सवत?" तेच माझं नाव पडलं. "अहो, सवतीला पुसून झालं असेल तर जेवायला या." मी मनातल्या मनात तिला बाई म्हणायचे. आमचं फार सख्य होतं असं नाही. मशीनशेजारची जागा मी अडवली होती आणि ते तिने मला कधी विसरू दिलं नाही.

धन्यांनी मला जपलं मात्र जिवापाड. वर्षातून दोनदा मागचं झाकण उघडायचे. ब्रशने धूळ काढायची, केबलच्या चोवीस पिना एकेक करून पुसायच्या, वाकलेली असेल तर सुईने सरळ करायची. पेटीत दमट हवा राहू नये म्हणून औषधांच्या बाटल्यांतल्या त्या छोट्या पुड्या साठवून ठेवायचे. माझ्या पोटात चाळीस पायांची एक काळी चिप आहे. ती बनवणं केव्हाच बंद झालंय. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणायचे, "बाकी काहीही बिघडू दे, मी जोडीन. ही गेली की मात्र हात टेकले."

त्याच झाकणाखाली सहा बारके स्क्रू आहेत, एका तारेला एक. तार किती हलकी छेडली तरी मला ऐकू यावी, ते त्या स्क्रूंवर ठरतं. धन्यांनी ते आपल्या हाताच्या जोराप्रमाणे बसवले आणि हलू नयेत म्हणून बाईकडे नखपॉलिशची बाटली मागितली.

"आता सवतीलाही नटवा," बाई म्हणाली. पण बाटली दिली. सहा लाल थेंब पडले. पंचवीस वर्षं ते जागचे हलले नाहीत.

मग धनी निवृत्त झाले. बँड सुटला, तरी सकाळी तासभर ते मला घेऊन बसायचे. अशाच एका सकाळी बासरीचा एक स्वर गळला. बोट तारेवर आलं होतं, पण इतकं हलकं की मला ऐकूच आलं नाही. धन्यांनी ती ओळ पुन्हा वाजवली. पुन्हा तोच स्वर गेला.

"तारा जुन्या झाल्या वाटतं," ते म्हणाले. महिन्यात दोनदा तारा बदलल्या. तारांचा काही दोष नव्हता. उजव्या हातातली ताकद जात चालली होती. डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले. "जीवनसत्त्वं कमी पडतायत म्हणाले," असं त्यांनी बाईला सांगितलं आणि फाइल कपाटात स्वेटरच्या खाली ठेवली. स्वेटरच्या घड्या कोण घालतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

बाईने फाइल वाचली. नसांचा आजार, आणि तो वाढत जाणारा. माझ्यासमोरच वाचली. मग घडी होती तशी घालून ठेवली आणि मशीनवर बसून एका झग्याला उगाचच दुहेरी शिलाई मारली.

त्या दिवसापासून घरात हाताविषयी कोणी बोलेना. धनी चमचा डाव्या हातात धरू लागले आणि बाईने ताटातली वाटी डावीकडे सरकवली. ना त्यांनी कारण सांगितलं, ना तिने विचारलं. रोज सकाळी मात्र गळणारे स्वर दोघांनाही ऐकू यायचे. धनी वाजवणं मध्येच सोडून खिडकीशी जाऊन उभे राहायचे. मला खूप वाईट वाटायचं. पण मी काय करणार? जे हात सांगेल तेच मी पोचवणार.

एका दुपारी धनी लायब्ररीत गेले असताना बाईने मला मशीनच्या टेबलावर आडवं घेतलं. मशीनच्या डबीतला लहान स्क्रूड्रायव्हर काढला. उभं आयुष्य तिने दोऱ्याचा ताण कमी-जास्त करण्यात घालवलेलं. धन्यांना झाकण उघडताना तिने पन्नास वेळा पाहिलं होतं. लाल थेंब टोकाने फोडून तिने सहाही स्क्रू पाव पाव फेरा फिरवले. मग नवे थेंब द्यायला बाटली शोधली. लाल कधीच सुकून गेली होती. लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीची एक गुलाबी बाटली खणात होती, ती घेतली.

"कुणाला बोलायचं नाही, सवते," तिने मला बजावलं.

दुसऱ्या दिवशी एकही स्वर गळला नाही. धन्यांनी ती ओळ तीनदा वाजवली. मग आत हाक मारून म्हणाले, "अगं, आज हात छान चाललाय."

"ऐकतेय," बाई आतून म्हणाली. तिने बराच वेळ कणीक मळली.

माझी शिस्त त्या दिवशी मोडली. हात कुजबुजायचा आणि मी खणखणीत निरोप द्यायचे. मला त्याची लाज वाटली नाही. दोन-तीन महिन्यांनी हात आणखी उतरायचा, बाई आणखी पाव फेरा द्यायची, वर गुलाबी थेंब. असं दीड वर्ष चाललं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं दीड वर्ष ते.

पण स्क्रू किती फिरणार? शेवटाला येऊन टेकले. मला नको ते ऐकू यायला लागलं. एक तार छेडली की शेजारची वाजायची, शर्टाची बाही घासली की सनई निघायची. बँडमधल्या ढोलवाल्याच्या घरी जुनी मंडळी जमली होती. धन्यांनी बासरी लावली आणि मी जे काही बरळले ते सांगवत नाही. लोक हसले. आपलेच लोक होते, प्रेमानेच हसले. धनीही हसले आणि म्हणाले, "म्हातारी झाली हो."

दुसऱ्या दिवशी बाई कपडे पोचवायला गेल्यावर त्यांनी माझं झाकण उघडलं. समोर सहा गुलाबी थेंब. त्यांनी दिले होते ते लाल. मग डाव्या हाताच्या बोटाने एकेक थेंब हळूच चाचपून पाहिला. पहिला, दुसरा, सहाही. डोळे पुसून त्यांनी झाकण होतं तसं लावलं.

बाई परत आल्यावर म्हणाले, "गेली बिचारी. आता दुरुस्त होण्यातली नाही. ठेवून देऊ."

"खूप वर्षं चालली," बाई म्हणाली. तिने मान वर केली नाही.

तेव्हा ती चिठ्ठी लागली. मी ठणठणीत होते हो. सहा स्क्रू उलटे फिरवले असते तर पहिल्यासारखी बोलले असते. पण मग हाताचं काय? म्हणून आळ मी घेतला. धन्यांना वाटायचं, आपल्याला कळलंय हे बाईला ठाऊक नाही. आणि ते तसंच राहावं, एवढीच त्यांची धडपड होती. चार वर्षं तिघांनीही शब्द काढला नाही.

आणि मागच्या आठवड्यात मुलगी आली. जेवताना म्हणाली, "बाबा, तुमची गिटार दुरुस्त करणारा मिळाला. रविवारी दुपारी घरी येतोय. मला तुम्हाला पुन्हा वाजवताना बघायचंय."

"कशाला गं आता, राहू दे," बाई म्हणाली.

"आई, तू नेहमी तिच्यावर जळतेस."

धन्यांनी डाव्या हाताने पुढचा घास घेतला. मला मात्र पेटीत धडकी भरली. तो माणूस झाकण उघडणार. म्हणणार, हिला काहीच झालेलं नाही, कुणीतरी स्क्रू टोकाला नेऊन ठेवलेत. मुलगी विचारणार, कुणी? आणि बाईने एवढी वर्षं जे मायेने लपवलं, ते चारचौघांत चोरीसारखं उघडं पडणार.

रविवारी सकाळी मायलेकी बाजारात गेल्या. धन्यांनी पेटी ओढत पलंगापाशी आणली. झाकणाचे स्क्रू काढायलाच अर्धा तास गेला. मग मशीनच्या डबीतला तोच स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात घेऊन ते चिपवर वाकले.

"माफ कर गं," ते म्हणाले. "तिचं नाव यायला नको."

त्यांनी चिप उचकटली. एका बाजूचे वीस पाय एकाच रेषेत दुमडले, उलटे दुमडले, पुन्हा दुमडले, तुटेपर्यंत. डावा हात अजून पक्का होता. एकदाही हलला नाही. मग चिप तिच्या जागी ठेवून झाकण लावलं. मला दुखलं का? दुखलं. पण ज्या हाताने तीस वर्षं पुसलं, त्याच हाताने हे केलं, आणि का केलं ते मला ठाऊक होतं.

दुपारी दुरुस्तीवाला आला. दोन मिनिटांत चिपशी पोचला. चिपच गेली म्हटल्यावर स्क्रूंकडे कोण बघतो?

"काका, हिचे पाय मोडलेत. ही आता कुठे मिळत नाही. आत कुणी हात घातला होता का?"

 बाईने तोंड उघडलं. तिच्या आधी धनी बोलले.

"मी. परवा उघडून बघत होतो. माझा हात थरथरतो हल्ली. निसटली."

साडेपाच वर्षांत त्या घरात हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. मुलगी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांचा उजवा हात तिने मांडीवर घेतला. "मला सांगितलं का नाहीत, बाबा?" ती रडत होती.  जो अभिमान राखायला बाईने एवढा खटाटोप केला, तो धन्यांनी तिच्यासाठी सगळ्यांसमोर काढून ठेवला.

परवा मुलगी गेली. काल धनी झोपलेले असताना बाईने धूळ पुसायच्या निमित्ताने मला उघडलं. आधी आपले सहा थेंब पाहिले, सगळे जागच्या जागी होते. मग चिप उचलली, उजेडात धरली. वीस पाय, सगळे एका रेषेत, एकाच उंचीवर तुटलेले. जिने जन्मभर टाके बघितले, तिला थरथरणाऱ्या हाताचं काम कोणतं आणि ठरवून केलेलं कोणतं, हे कुणी सांगावं लागत नाही. ती खुर्चीवर बसली. चिप तिच्या जागी ठेवली आणि माझ्यावर हात ठेवला.

"अगं, काय करतेस?" आतून धन्यांनी विचारलं.

"सवतीला पुसतेय," ती म्हणाली. आवाज जमेल तेवढा सरळ ठेवला.

जन्मभर मी निरोपच पोचवले. हा शेवटचा, आणि यात मी काडीचाही फरक केला नाही. आता माझ्याकडून काही होणार नाही. पुढे कधी ही पेटी तुमच्याकडे आली, तर खुशाल भंगारात द्या. चिठ्ठी खरी आहे. फक्त झाकण उघडलंत, तर ते गुलाबी थेंब खरवडू नका.