तपकिरी नाकतोड्यांच्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मला नुसतं खोकं म्हणाल तर राग येईल, आधीच सांगते! मी सागाची, काचेच्या झाकणाची कीटकपेटी आहे. वय वर्षं पस्तीस. जामनेरच्या गफूरचाचांनी मला घडवलं. झाकण असं घट्ट बसवलं, की मुंगीची काय बिशाद आत शिरायची!

जळगावच्या एका कॉलेजात सुकदेव सर प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांनी माझ्यात लांब मिशांचे नाकतोडे टाचले. पंखावर पंख घासून गाणारे हे किडे. इंग्रजीत त्यांना कॅटीडिड म्हणतात. प्रत्येक टाचणीला खाली एक चिठ्ठी. जात कोणती, कुठे सापडला, कधी, कोणी पकडला. हिरवे पाच होते, तपकिरी सात. रंग वेगळा, म्हणून सरांनी जातीही दोन ठरवल्या. तपकिरी जात आपणच शोधली, असं ते छाती फुगवून सांगायचे. प्रदर्शनात लोक वाकवाकून बघायचे आणि मी ऐटीत मिरवायचे.

सर निवृत्त झाले अन् माझी रवानगी कपाटावर झाली. फार वाईट वाटलं हो! वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. शेजारच्या पुठ्ठ्याच्या पेट्यांत भुंगेरे शिरले आणि आतल्या किड्यांचा पार भुगा केला. माझ्याकडच्या एकाचाही पाय तुटला नाही. आहे की नाही कमाल?

मग मिसबाह आली. सरांची लाडकी विद्यार्थिनी, आता तिथेच शिकवते. ती जिल्ह्यातल्या नाकतोड्यांची यादी करत होती. डाव्या पंखाखाली गाण्यासाठी बारीक दात्यांची ओळ असते. तिने हिरव्यांचे दाते मोजले, तपकिऱ्यांचे मोजले. सारखेच! शेपटीकडचे हुकासारखे वाकडे अवयवही सारखे.

"जात एकच दिसतेय," ती म्हणाली आणि तिचा चेहराच उतरला. खरं लिहावं तर सरांचं मन मोडणार. आणि रंगाचा उलगडा झाल्याशिवाय सर ऐकणार तरी कसे?

तपकिऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर यावल तालुक्यातल्या एका पाड्याचं नाव होतं. मिसबाहने मला मांडीवर घेतलं आणि एसटी पकडली. खिडकीची जागा, मित्रांनो!

पाड्यावर चमेलीबाई भेटल्या. सरांना सातपुड्याचं जंगल त्यांनीच दाखवलं होतं. तपकिरी नाकतोडे बघून त्या खो खो हसत सुटल्या. "पोरी, ह्या बठ्ठा हिरवाच व्हतात! मीच धरेल शेतस. सर आठ दिन उनात नहीत. सडाले नको म्हनीसन मी त्यास्ले मव्हानी दारूमा बुडाडी ठेवं. रंग दारूमा उतरी गया. मंग सुकाडीसन सरले दिधात."

बाईंनीच पकडलेले नाकतोडे सर येईपर्यंत आठ दिवस मोहाच्या दारूत बुडून होते, आणि त्या दारूनेच हिरवा रंग नेला होता तर!

"मग सरांना सांगितलं का नाही, अक्का?"

"सरपुढे दारूनं नाव कसं काढू, माय?"

मिसबाह मला घेऊन थेट सरांच्या घरी गेली. तिने सगळं सांगून टाकलं.   सरांनी भिंग मागितलं आणि स्वतः दाते मोजले. दोनदा मोजले.

"एकच आहे गं. इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं." त्यांनी चिमटा उचलला आणि जुनी चिठ्ठी उपटायला निघाले.

मिसबाहने त्यांचा हात धरला. "राहू द्या, सर. जुनी चिठ्ठी काढायची नसते, तुम्हीच शिकवलंत. खाली नवी लावू."

सरांनी सात नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांवर हिरव्या जातीचं नाव लिहिलं. जुन्या चिठ्ठ्यांवर 'पकडणारा' म्हणून त्यांचंच नाव होतं. नव्या सातही चिठ्ठ्यांवर त्यांनी लिहिलं : चमेलीबाई. माझा ऊर इतका भरून आला, की झाकण उडतंय की काय असं वाटलं!

मित्रांनो, जुनी पेटी झाडायला काढाल, तेव्हा आतली पिवळी चिठ्ठी केरात टाकू नका. तिच्यावर कोणाच्या तरी कष्टाचं नाव असतं. आणि ते नसेल, तर शोधत जा, विचारा आणि लिहा.