माझ्या पोटातला आवाज कुणाचा?

मी बेस बोलतोय. ज्याला वरातीच्या गाडीवर सगळ्यात खाली ठेवतात आणि ज्याच्यामुळे खिडक्यांच्या काचा थरथरतात, तो लाकडी स्पीकर. आवाज मोठा असला तरी स्वभाव संशयी. तुमच्या पोटातून रोज दुसऱ्यांची गाणी गेली असती, तर तुमचाही झाला असता.

देवळीच्या एका सुताराने प्लाय कापून माझं अंग बनवलं. आर्वीच्या बंडूजींनी मला घेतलं आणि एसटी डेपोजवळच्या आपल्या साउंड सर्व्हिसच्या दुकानात ठेवलं. लग्नं झाली, मिरवणुका झाल्या. प्रत्येक पोरगा पेनड्राइव्ह आणून ‘हे मीच बनवलं’ म्हणत छाती फुगवायचा. तेच गाणं आधी दुसऱ्याच्या नावाने माझ्यातूनच वाजलेलं असायचं. सीझन संपला की माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

मग आंजीच्या दुर्गेश नावाच्या पोराचं टेक्नो आलं. त्यात नुसते ठोके. आणि मधेच सगळं थांबून एका बाईची लांब हाक यायची. भाषा कुणालाच कळेना. त्या हाकेवर पोरं वेडी झाली. पुण्याहून कुणीतरी त्याला वाजवायला बोलावलं, आणि दुकानात वाद पेटला.

दुकानात कामाला असलेली दोन पोरं, वैभव आणि रजत, दुर्गेशच्याच शाळेतली. वैभव त्याचा भक्त. असा माणूस जिल्ह्यात झाला नाही, म्हणायचा. रजतला ते पटेना. ठोके कोणीही बसवतो, खरी जादू हाकेत आहे आणि ती चोरलेली आहे, असं त्याचं म्हणणं. ती आफ्रिकेतली की ब्राझीलची यावर दोघं भांडले. पण परदेशी आहे यावर एकमत होतं. मी मनातून रजतच्या बाजूला. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला पहिल्यापासून वाटत होतं.

गणेश मंडळाच्या कार्यक्रमाला दुर्गेशला घ्यायचं तर गाणं त्याचंच हवं, नाहीतर नाचक्की आपली, असं बंडूजींनी ठरवलं. म्हणून बाजाराच्या दिवशी दुपारी त्यालाच बोलावलं. गाणं माझ्यावर लावलं. हाक आली तसं रजतने ते थांबवून विचारलं, “हा आवाज कुठून उचलला बे?”

दुर्गेशने खाली पाहिलं. “नेटवरून घेतला. बाहेरच्या देशातला आहे. कोनीबी वापरू शकते, चोरला नाई.”

वैभव खुलला, रजतचं तोंड पडलं. तेवढ्यात दारातून एक बाई बोलली. आंजीहून भाजी विकायला आलेली दुर्गेशची आई, रुखमाबाई. पोराला एसटीसाठी बोलवायला आली होती.

“हे तं मीच आहो. बकरीले बलावून राह्यली.”

 मला लगेच खूण पटली. माझ्या पोटातला आवाज दारात उभा होता. ती हाक गोंडीतली होती. इथल्याच बाजारात या पोरांच्या कानांवरून जाणारी भाषा, आणि हे तिला ब्राझीलमध्ये शोधत होते.

रुखमाबाईने पोराचं उत्तरही ऐकलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “बाहेरच्या देशातली काऊन केलं मले?”

“शाळेत गोंडी बोललो का हे हासत होते, माय. बाहेरचं म्हटलं तं नाचतेत.”

रजत माझ्या वायरी उगाच नीट करू लागला. मला त्या बाईसाठी फार वाईट वाटलं. शेवटी वैभवनेच विचारलं, “पन काकू, म्हणता काय त्याच्यात?”

“याले येते. हाच सांगन.”

दुर्गेशने रजतकडे पाहिलं, मग आईकडे. “अंधार पडून राह्यला, घरी ये.”

“मंग चाल,” ती म्हणाली आणि रिकामी टोपली त्याच्या हातात दिली.

बंडूजींनी मंडळाच्या कार्यक्रमाला दुर्गेशचं नक्की केलं. वाद अजून चालूच आहे. वैभव म्हणतो डोकं दुर्गेशचं, रजत म्हणतो नाव आईचं हवं. आवाज काढणारा माझा आतला कागद फाटत आलाय, लवकरच मी भंगारात जाईन. पण मला वेगळाच संशय छळतो. ती दारात आली नसती, तर तो कधी खरं बोलला असता का? तो पुण्यात वाजवेल तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी तिथे असेल. हाक आली की त्याला विचारा, हा आवाज कुणाचा. आणि तो काय म्हणाला, ते मला कळवा.